खालची कवळी आणि नऊ ओळी

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस घरात कसा वागतो, हे त्याच्या घरच्यांनाच विचारावं. थोरले निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी दुधाची पिशवी हातात आली की आधी तळहातावर जरा झुलायची आणि मगच पातेल्यात रिकामी व्हायची. ज्या चिमट्याच्या पॅडला कागद लावून ते दुकानादुकानांतून हिंडले, ते पॅड अजून बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं होतं. त्याला एक कोरा कागदही लावलेला असे. कशासाठी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

चार भावंडांत मोठी अक्का. पण भावांत मोठे हे, म्हणून सगळ्यांचे थोरले. बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. फोनवर कुटुंबाचा एक ग्रुप होता, ‘आपली माणसं’ नावाचा, आणि त्यात थोरल्यांच्या शब्दाला छापील आदेशाची किंमत होती. वाढदिवस असो, परीक्षेचा निकाल असो की कुणाच्या घरचं दुःख असो, थोरले आधी लिहीत. मग त्यांची बायको सोडून बाकीचे तेरा जण वयाच्या उतरत्या क्रमाने तेच लिहीत. तेच म्हणजे अगदी तेच. बोट दाबून धरायचं, कॉपी करायचं, खाली चिकटवायचं. कान्यामात्रेचा फरक नाही.

ही पद्धत उगाच पडली नव्हती. मधल्या भावाच्या निवृत्तीला धाकट्या जावयांनी एकदा स्वतःच्या मनाने लिहिलं होतं, “आता मस्त आराम करा.” त्यावर मधल्याची बायको पंधरा दिवस धुमसत होती. “म्हणजे इतकी वर्षं ते आरामच करत होते, असं म्हणायचंय का त्यांना?” तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. थोरले लिहितील ते आपलं. त्यापायी कधी गंमतही व्हायची. पुतणीच्या वाढदिवसाला थोरल्यांनी लिहिलं, “तुझा जन्म झाला तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून होतो.” खाली बाकीचे सगळे त्याच पायरीवर येऊन बसले. त्यांत तिच्याहून दोन वर्षांनी लहान चुलतभाऊही होता. कुणाला काही खटकलं नाही. वाचलं असतं तर खटकलं असतं.

या ग्रुपात अक्का नव्हती. सहा वर्षांपूर्वी निघून गेली होती.

भांडण शिलाई मशीनवरून झालं. आई गेली, तिच्या वस्तू वाटायच्या होत्या. घरात शिवता येत होतं ते एकट्या अक्काला. पण थोरल्यांना माप सगळ्यांना सारखं हवं. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. मशीनची चिठ्ठी मधल्याच्या बायकोला निघाली, जिने जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. तिने मशीन गॅलरीत नेलं आणि वर कुंडी ठेवली. अक्काने कुंडीचा फोटो पाहिला, “छान आहे” एवढं लिहिलं आणि ग्रुप सोडला. भावाचा फोनही त्यानंतर उचलला नाही. खरं सांगायचं तर थोरल्यांनी तो दोनदाच केला होता. तिसऱ्यांदा करणं त्यांच्या मापात बसेना.

आणि आता सहा वर्षांनी, या मंगळवारी, अक्का ग्रुपात परत आली होती. तिला आत घेतलं थोरल्यांच्या बायकोने. कशी राजी झाली, ते तिने सांगितलं नाही. अक्काचा निरोप तेवढा जसाच्या तसा सांगितला. “म्हणाल्या, शनिवारी दुपारपर्यंत थांबते. त्याने स्वतःचं काही लिहिलं तर राहीन. नाहीतर निघाले, आणि मग पुन्हा बोलवू नका.”

“स्वतःचं म्हणजे?” थोरल्यांनी विचारलं.

“स्वतःचं म्हणजे स्वतःचं,” बायको म्हणाली आणि मटार सोलायला बसली.

थोरल्यांनी चार दिवस लिहिलं. फोनच्या वहीत लिहायचे, खोडायचे, परत लिहायचे. चार दिवसांत नऊ ओळी झाल्या. त्या नऊ ओळी त्यांनी इतक्या वेळा वाचल्या की डोळे मिटूनही दिसाव्यात. शनिवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी त्यांनी वहीतून मजकूर उचलला. कॉपी केला नाही, कट केला. खात्याचा नियम होता: मूळ प्रत एकच, दुसरी दिसली की संशय.

आता ग्रुप उघडायचा आणि चिकटवायचा, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा मेसेज आला. काय त्रास आहे, लगेच कळवा, आज बारानंतर दवाखाना बंद आहे. इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी घरात बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. थोरल्यांना कवळी होती, वरची आणि खालचीही. ही गोष्ट त्यांनी सात वर्षं तोंडातल्या तोंडात ठेवली होती. त्यांचं मोजकं बोलणं आणि मोजकं हसणं यामागे भारदस्तपणा किती आणि कवळी किती, याचं माप कुणी घेतलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंसाठी मजकूर वहीत तयारच होता. थोरल्यांनी तोही कट केला आणि बाईंना पाठवला. मग ग्रुप उघडला. बोट दाबून धरलं, चिकटवलं, धाडलं. चष्मा कपाळावर होता, पण तो खाली ओढायची गरज त्यांना वाटली नाही. नऊ ओळी पाठ होत्या, वाचायचं काय? छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. फोन चार्जिंगला लावून ते आंघोळीला गेले आणि चक्क गुणगुणत आले.

पुसता पुसता फोन हातात घेतला, चष्मा लावला, तर ग्रुपात हे:

“खालची कवळी बोलताना निसटते. वरची ठीक आहे. उद्या अकराला स्वतः येऊ की नुसती पाठवून देऊ?”

खाली मधल्या भावाचं: “खालची कवळी बोलताना निसटते. वरची ठीक आहे. उद्या अकराला स्वतः येऊ की नुसती पाठवून देऊ?”

त्याखाली मधल्याच्या बायकोचं, तेच, पुढे दोन जोडलेले हात. त्याखाली धाकट्या भावाचं. धाकट्या जावयांचं. मग पुतणे, पुतण्या, त्यांच्या बायका, नवरे. सगळ्यांत शेवटी पंचवीस वर्षांची पुतणी, जी टूथपेस्टच्या जाहिरातीत दात दाखवायची, तिचीही खालची कवळी बोलताना निसटत होती.

पहिली गोष्ट थोरल्यांनी ही केली, की आपला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. आणि मग त्यांना कळलं, की हे न केलेलं बरं होतं. कारण आता ग्रुपात तेरा जणांच्या कवळ्या निसटत होत्या आणि ज्याची खरोखर निसटत होती तो एकटाच नामानिराळा.

तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात दिसलं: अक्का लिहीत आहे. मग ते दिसेनासं झालं. काहीच आलं नाही.

घाईने वही उघडली. वही कोरी. कट केलं होतं ना! पुन्हा टाइप करावं म्हणून बसले, तर “अक्का” एवढं एक उमटलं आणि पुढे डोकं रिकामं. मघाशी मिटल्या डोळ्यांना दिसणाऱ्या ओळी आता उघड्या डोळ्यांनीही दिसेनात. कुठेही चिकटवायला गेलं की पुन्हा तीच कवळी.

मग थोरल्यांनी तपासणी सुरू केली. फोनच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे बॅटरी होती, आवाज होता, वॉलपेपर होता, कट केलेल्या गोष्टी नव्हत्या. फोटोंमध्ये पाहिलं. डाउनलोडमध्ये पाहिलं, तिथे चार वर्षांपूर्वीचं विजेचं वेळापत्रक निघालं. कचऱ्याच्या डब्यात पाहिलं, तो रिकामा होता. मधल्या भावाला फोन लावला.

“अरे, कट केलेला मजकूर फोनमध्ये कुठे जातो?”

“दादा, तुमचा मेसेज पोचला बरं का. मी लगेच टाकला. ही पण लगेच.”

“वाचलास का?”

“म्हणजे काय! फार छान लिहिलंय. एकदम मनातलं.”

थोरल्यांनी फोन ठेवला.

बायको समोरच्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. तिला विचारावं असं त्यांच्या मनात आलंच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात वजनमाप, वीज आणि यंत्रं ही त्यांची खाती होती. ते पायात चपला सरकवून खालच्या मोबाइलवाल्याकडे गेले. तो एका फोनचं पोट उघडून आत बघत होता.

“कट केलेलं परत मिळेल का?”

“नाही,” तो मान वर न करता म्हणाला. “खुर्ची एकच असते, काका. दुसरा बसला की पहिला उठला.”

“पण तो उठून कुठे गेला?”

“कुठे गेला ते कंपनीला माहीत. फोन किती जुना आहे?”

“तीन वर्षं.”

“तीन वर्षं!” मोबाइलवाल्याने आता मान वर केली आणि आजाऱ्याकडे बघावं तसं थोरल्यांकडे बघितलं. “नवीन घेऊन टाका.”

थोरले जिना चढून वर आले तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या अर्धे झाले. अक्का निघून जाणार. आणि निघताना तिच्या मनात काय असेल? सहा वर्षांनी बोलावलं, आणि भावाने स्वतःचं म्हणून काय लिहिलं, तर खालची कवळी.

“काय हरवलं?” बायकोने विचारलं. मघापासून ती बघतच होती. पण आपणहून बोलून त्यांच्या कामात लुडबूड केली असं व्हायला नको, म्हणून थांबली होती.

थोरल्यांनी सांगितलं. सांगताना कवळी दोनदा हलली.

“किती वाजता कट केलंत?”

“दहा सात.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. “मग सतरा मिनिटं आहेत. कट केलेलं तासभर राहतं, मग आपोआप जातं. फोन इकडे आणा. नको, तुम्हीच धरा, मी सांगते. लिहायची जागा उघडा. अक्षरं आली? आता अक्षरांच्या डोक्यावर एक पट्टी आहे बघा.”

“आहे.”

“तिथे पॅड दिसतंय का? चिमट्याचं?”

थोरल्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. पट्टीवर बारीकसं चित्र होतं. एक पुठ्ठा आणि वर चिमटा. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला तेच टांगलेलं होतं. एकतीस वर्षं जे काखेत घेऊन हिंडलो, तेच तीन वर्षं अंगठ्याखाली होतं, आणि आपण ते कचऱ्याच्या डब्यात शोधत होतो.

“ते दाबा,” बायको म्हणाली. “तिथे नसतं तर चार चौकोन दाबायचे, त्यात असतं. पहिल्यांदा चालू करावं लागतं, पण तुमचं सूनबाईने फोन दिला तेव्हाच चालू करून ठेवलंय.”

त्यांनी दाबलं. अक्षरं नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी दोन चौकटी आल्या. वरच्या चौकटीत कवळी होती. खालच्या चौकटीत लिहिलं होतं, “अक्का, शाळेच्या वाटेवर…”

थोरल्यांनी फोन बायकोकडे वळवला.

“त्यावर बोट टेकवा, लिहायच्या जागी येईल. आणि कायमचं ठेवायचं असेल तर बोट दाबून धरा, टाचणी येते. टाचणी मारलेलं जात नाही.”

“तुला हे कसं माहीत?”

बायकोने मटारचं ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि आपला फोन उघडून त्यांच्यापुढे धरला. तिच्या पॅडवर टाचणी मारलेली एकच चौकट होती. “अक्का, ते बरे आहेत. जेवले.”

“हे काय?”

“रोज बाराला पाठवते. सहा वर्षं झाली. पहिल्या दिवशी त्यांनीच विचारलं होतं, तो बरा आहे का, जेवतो का. मग म्हटलं, रोज सांगावं. एक दिवस खाडा नाही.”

“आणि अक्का काय म्हणते?”

“म्हणतात, बरं.”

थोरल्यांनी ती एक ओळ पुन्हा वाचली. त्यांच्या खात्यात इतकी वर्षं इतक्या ओळी लिहिल्या गेल्या, त्यात इतक्या वजनाची एकही नसेल, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. पण ते बोलले एवढंच, “मला सांगायचंस.”

“तुम्ही विचारलं नाहीत,” बायको म्हणाली. “तुमची मिनिटं चालली आहेत.”

अकरा वाजून एक मिनिटाने त्यांनी खालच्या चौकटीवर बोट टेकवलं. यावेळी धाडण्याआधी प्रत्येक ओळ वाचली, मोठ्याने, बायकोला ऐकू जाईल अशी:

“अक्का,
शाळेच्या वाटेवर ओढा होता.
तू मला पाठीवर घेऊन ओलांडायचीस.
एकदा तुझी चप्पल वाहून गेली. ते तू घरी सांगितलं नाहीस, मीही नाही.
आईचं मशीन तुझं होतं. तिने मला तसं सांगितलं होतं.
तरी मी चिठ्ठ्या टाकल्या.
माझं चुकलं. मशीन तुला परत मिळायला हवं.
आता मला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही.
जाऊ नकोस.”

मेसेज गेला. थोरल्यांनी डोळे मिटले. आणि मग फोन थरथरू लागला.

मधला भाऊ: “अक्का, शाळेच्या वाटेवर ओढा होता. तू मला पाठीवर घेऊन ओलांडायचीस…”

मधल्याची बायको, दोन जोडलेल्या हातांसह: “…आईचं मशीन तुझं होतं. तिने मला तसं सांगितलं होतं. तरी मी चिठ्ठ्या टाकल्या. माझं चुकलं. मशीन तुला परत मिळायला हवं…”

धाकटा भाऊ. धाकटे जावई, जे लग्न होऊन या घरात आले तेव्हा अक्का पन्नाशीला टेकली होती. त्यांनाही ती पाठीवर घेऊन ओढा ओलांडत होती. पुतणे. पुतण्या. दात दाखवणाऱ्या पुतणीची चप्पल घरी न सांगण्याची हकिगत. पंधरा मिनिटांत तेरा जणांनी ओढा ओलांडला.

“अरे देवा,” थोरले म्हणाले. “आता ती म्हणेल, हेही असंच कुठून तरी आणून चिकटवलेलं.”

अक्का लिहीत आहे, असं वर दिसलं. दिसत राहिलं. बारा वाजत आले तरी दिसतच होतं. तिला एका बोटाने लिहायची सवय होती. शेवटी आलं:

“इतक्या जणांना मी पाठीवर घेतलं होतं होय? तरीच माझी कंबर गेली.”

आणि लगेच दुसरं, मधल्याच्या बायकोला:

“तुझी कबुली मिळाली. सोमवारी गाडी पाठवते. कुंडी काढून ठेव.”

याखाली कुणी काही चिकटवलं नाही. एकाच वेळी आपापल्या घरी तेरा माणसं आपण काय लिहिलं होतं ते पहिल्यांदाच वाचत असावीत. बायकोचा फोन वाजला. मधल्याच्या बायकोचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“अहो वहिनी, मी वाचलंच नव्हतं हो ते!”

“हो का?” बायको शांतपणे म्हणाली. “पण किती चांगलं लिहिलंस. मला तर भरून आलं.”

आपल्याला भरून आलं पाहिजे की राग, हे पलीकडे ठरत नसावं. “बघते, कुंडी कुठे ठेवता येते ते,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

तेवढ्यात थोरल्यांचा फोन वाजला. सहा वर्षांत न उजळलेलं नाव त्यावर उजळलं होतं. त्यांनी फोन कानाला लावला, “अक्का” म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी खालची कवळी निसटली. अर्धी बाहेर. बोलता येईना, गिळता येईना.

“हॅलो? कोण आहे? बोल की.”

थोरल्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पुढ्यातली वाटी रिकामी करून सरकवली. त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली. क्षणभर विचार केला, आणि वरचीही काढली. सात वर्षांत दिवसाउजेडी पहिल्यांदाच.

“अक्का,” ते म्हणाले. ते “अक्का”च होतं, पण पुढचं सगळं ओठांतून फसफसत आलं. “मीच लिहिलं ते. बाकीत्यांनी नाही.”

पलीकडे एकदम हसू फुटलं. म्हातारं, धापा टाकणारं. “बोबड्या!” अक्का म्हणाली. “अरे, पुढचे दात पडले होते तेव्हा अगदी असाच बोलायचास तू. खालची निसटते म्हणे?”

“खालतीत. वलती थीक आहे.”

“ठीक आहे तर काढलीस कशाला?”

थोरल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दात नसले की रडणंही नीट जमत नाही.

“चप्पल वाहून गेली ते तुला आठवतंय?” अक्काने हळूच विचारलं.

“हो.”

“तुझा मार चुकवायला मी सांगितलं नव्हतं. तुझ्या धडपडीत गेली होती ती.”

“माहीत आहे,” थोरले म्हणाले. “म्हणून तल मीही नाही सांगितलं.”

इतक्यात थोरल्यांना फोनमधून टिंग असा आवाज आला. पलीकडे अक्काला काहीतरी आलं होतं. त्यांनी मान वळवून पाहिलं. घड्याळात बरोबर बारा वाजले होते, आणि समोर बायको आपला फोन नुकताच बाजूला ठेवून मटारच्या ताटाकडे वळत होती.

“तुझ्या बायकोचा निरोप आला,” अक्का म्हणाली. “तू बरा आहेस म्हणे. जेवलास.”

थोरल्यांनी समोरच्या वाटीकडे पाहिलं. वाटीत दोन्ही कवळ्या होत्या.

“अजून नाही जेवलो,” ते म्हणाले.

“मग विचार तिला,” अक्का म्हणाली, “न वाचता चिकटवायची सवय तिला कधीपासून लागली?”